ताटाएवढी वार

बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यांचे डोळे बाळाकडं असतात. मुलगा का मुलगी, गोरं का सावळं, नाक कुणाच्या वळणावर गेलंय. माझे डोळे मात्र परातीकडं. परातीत वार पडलेली असायची, कुणी तिला जार म्हणतं, आणि बाळ एकदा रडलं की माझा जीव तिच्यात अडकायचा. बायका हसायच्या. "नर्सबाईस्नी पोरापरास जार प्यारी हाय," म्हणायच्या. हसू देत. चाळीस वर्षं हे काम केलं आणि आता नव्वदीला टेकल्यावर सांगते, त्या कामातली सगळ्यात मोठी मौज आणि सगळ्यात मोठी चूक, दोन्ही मला परातीतच सापडल्या.

तुमच्या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहा म्हणून कळवलंय. माझ्या बदल्या आणि पगारवाढी कुणाला वाचायच्यात? मी एकाच बाईची हकिगत सांगणार आहे. राजमती तिचं नाव. तिची पहिली दोन बाळं पोटातच गेली, आणि तिसरं जगवायचं होतं.

आधी वार म्हणजे काय ते पुरुषमंडळींसाठी सांगते, बायकांनी पुढं वाचावं. पोटातलं बाळ तोंडानं खात नाही, नाकानं श्वास घेत नाही. आईच्या रक्तातलं अन्न आणि हवा त्याला वारेतून मिळते, आणि त्याचा मळही वारेतूनच परत जातो. वारेची एक बाजू आईकडं, ती लाल, खडबडीत, तुकड्यातुकड्यांची. दुसरी बाळाकडं, ती गुळगुळीत, चकचकीत, आणि तिच्यावरच्या शिरा सगळ्या नाळेकडं धावणाऱ्या. बाळ बाहेर आलं की थोड्या वेळानं वार पडते. ती पाण्यात धुवायची, पसरायची, एखादा तुकडा आत राहिला नाही ना ते बघायचं, कारण राहिला तर बाई रक्त जाऊन मरते. एवढं बघून झालं की घरची माणसं ती मडक्यात घालून, हळदकुंकू वाहून परसात पुरायची. पुरायच्या आधीचा पाव तास माझा. मी काट्याला लावून तिचं वजन करायची आणि वहीत लिहायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मला आपली खोड होती.

मी मूळची माण तालुक्यातली. शिकून पहिली नोकरी केली ती दहिवडीच्या बाजूलाच. तिकडं पाऊस नाही, पुरुष मुंबईला, बायका शेळ्यांमागं उन्हात. पोटुशी बाई म्हणजे नुसती काडी. त्यांच्या वारा एवढ्याएवढ्याशा, पातळ, शिळ्या भाकरीएवढ्या, आणि पोरंही मुठीत मावतील अशी. त्यामुळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की वार लहान म्हणजे दैव खोटं आणि वार मोठी म्हणजे बाळाची चंगळ. लढाईच्या दिवसांत माझे यजमान पलटणीबरोबर गेले आणि मी भावाकडं सांगलीला आले. तिथल्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात लागले. माझं डोकं मात्र माणातलंच होतं.

राजमतीचं सासर हळदीच्या व्यापाऱ्याचं. जैन घर, दारात बैलगाड्या, सोप्यात पोत्यांची थप्पी, आणि घरात जिथं हात ठेवाल तिथं पिवळा. घराची मालकीण राजमतीची सासू. तिला सगळे अक्का म्हणायचे. अक्का अंगानं चवळीची शेंग, पण शब्द असा की मोठमोठे अडते दचकायचे. राजमती तिच्या उलट. लग्नातच अंगानं भरलेली, आणि दिवस राहिल्यावर तर उठायला आधार लागायचा. अक्कानं सून मनापासून जपली. सूर्य मावळल्यावर त्या घरात कुणी जेवत नसे, म्हणून मावळायच्या आत दोन जिवांचं सगळं तिच्या पोटात जायला हवं. शिरा, तुपात बुडालेल्या पोळ्या, डिंकाचे लाडू, वर गुळाचा खडा. बाकी गाव रेशनच्या रांगेत उभं होतं.

नववा महिना लागला आणि पोटातली हालचाल थांबली. मला बोलावलं तेव्हा मी लाकडी नळी पोटाला लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले. काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाळ झालं, मुलगी, सगळे अवयव जिथल्या तिथं. मग वार पडली.

आयुष्यात अशी वार पाहिली नव्हती. ताटाएवढी. बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढी वार असावी असं आम्हाला शिकवलेलं, आणि ही तिसऱ्या हिश्श्याएवढी भरली. मी हरखून गेले, खोटं कशाला सांगू. बोटांना काही पांढरट, कडक गाठी लागल्या. जरा फिकीही वाटली. पण आकारापुढं मी त्याकडं काणाडोळा केला. बाहेर अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिला धीर द्यायला हवा होता म्हणून मी म्हणाले, "अक्का, खचू नका. सुनेची वार बघा केवढी, ताटाएवढी. खाणंपिणं अंगी लागतंय. असंच खाऊपिऊ घाला, पुढच्या खेपेला पोर जगतंय."

अक्कानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो."

तिनं माझा शब्द पाळला. पुढच्या खेपेला दुप्पट खाऊ घातलं. दीड वर्षानं पुन्हा नववा महिना, पुन्हा माझी नळी, पुन्हा आत शांत. या वेळी मुलगा. वार आधीच्यापेक्षा मोठी. अक्का माझ्याकडं नुसती बघत राहिली, आणि मी खाली मान घालून वहीत आकडा लिहिला.

त्याच सुमारास आमच्या प्रसूतिगृहात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. पुण्याकडच्या, तरतरीत, बोलायला फटकळ. एके दिवशी मी धीर करून माझी वही त्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. पानं उलटता उलटता खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. "अहो, हे कुणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कुणी न्हाई."

"बाळाचं वजन आहे, वारेचं आहे. आईचं कुठं आहे?"

इतक्या वर्षांत ते सुचलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं आणि एकेक पान काढून विचारायला लागल्या, ही बाई कशी होती, ही कशी होती. मला सगळ्या आठवत होत्या. अंगानं फार भारी असलेल्या बायकांच्या पानांवर आम्ही लाल पेन्सिलीनं खूण करत गेलो. जिथं जिथं वार बाळाच्या मानानं अचाट मोठी, तिथं बहुतेक लाल खूण. आणि ज्या बाळांनी शेवटच्या दिवसांत दगा दिला, त्यातही लाल खुणा जास्त. आम्ही दोघी चहा विसरलो.

"मोठी वार म्हणजे बळकट वार नव्हे," त्या म्हणाल्या. "काम नीट होत नाही म्हणून ती वाढत असेल. फुगलेली, फिकी, गाठीगाठींची. अन्न भसाभसा पुढं ढकलते आणि हवा पोचवायला कमी पडते. मला सगळं माहीत आहे असं नाही, पण अशा मी पाहिल्यात. त्यातून आईच्या लघवीत साखर असेल तर फारच जपायला हवं."

आता माझी नातसून डॉक्टर आहे. ती सांगते की आईच्या अंगावर मेद फार असला की वारेला आतून बारीक सूज धरते, रक्तवाहिन्या अरुंद होतात, साखर आणि चरबी बाळाकडं जास्त जाते आणि प्राणवायू कमी पडू शकतो. सगळ्याच जाड बायकांचं असं होत नाही, पुष्कळजणींची बाळंतपणं सुखरूप होतात, हेही ती बजावते. आमच्याकडं तेव्हा हे शब्द नव्हते. एक वही होती आणि एक लाल पेन्सिल. पण त्या दुपारी मला जे झालं ते सांगता येत नाही. मी घरी चालत गेले नाही, पळत गेले.

आणि घराच्या दारात थबकले. कारण राजमतीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि त्या घरात अजून माझा शब्द चालू होता.

सकाळी गेले तर राजमतीपुढं शिऱ्याचं ताट. मी अक्काला म्हणाले, "अक्का, हे बंद करायचं. जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक. तूप-गूळ न्हाई. आणि रोज सकाळसंध्याकाळ चालायचं."

अक्कानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "आवं नर्सबाई, तुमीच म्हनलासा न्हवं, वार मोठी हाय, खाऊ घाला म्हनून?"

इथं मी सांगायला हवं होतं की मी चुकले. मी म्हणाले, "आता नवीन शास्त्र निघालंय." जीभ अशी वळली की मलाच पत्ता नाही.

"शास्त्र नवं निघालं म्हंजे सुनंला उपाशी मारायची?" अक्का म्हणाली आणि आत गेली.

मी हटणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडून लघवी तपासायचं निळं औषध, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा घेऊन गेले. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवायची. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर. राजमतीनं घरातल्या वाटीत लघवी दिली. मी नळी धरली, आणि बघता बघता निळं जाऊन विटेचा रंग आला. मी विजयानं नळी अक्कापुढं धरली.

अक्का खो खो हसली. "हे आमाला दावतासा? वाटी हळदीची हाय. हळदीला खार लागला की कुंकू हुतंय. तुमच्या निळ्या पान्यात खार असंल. आमच्या घरात कशात बी काय बी टाका, तांबडंच हुनार."

माझं तोंड एवढंसं झालं. म्हातारी बरोबर बोलत होती. त्या औषधात खार असतोच, आणि वाटीच्या काठाला हळद मलाही दिसली. ज्या घरात भिंतीसुद्धा पिवळ्या, तिथं घरची वाटी घेणारी मी शहाणी. पुण्यामुंबईच्या कुठल्या नर्सवर ही पाळी आली नसती.

मी तशीच उलट्या पावली गेले, दवाखान्यातून उकळलेल्या दोन काचेच्या बाटल्या आणल्या, आणि अक्काला म्हणाले, "एक सुनेची, एक तुमची. दोघींचे हात साबणानं धुवायचे. हळदीचा दोष असंल तर तुमचंबी तांबडं होईल."

"माजी?" अक्का क्षणभर बघत राहिली. मग ताडकन उठली. "आना हिकडं."

अंगणात दिवा पेटवला. राजमती दाराआड उभी. आधी अक्काची. नळी उकळली, बुडबुडे आले, रंग निळाच. अक्का खाली वाकून बघत होती, तिचा श्वास माझ्या हाताला लागत होता. मग सुनेची. निळं, मग हिरवट, मग पिवळं, आणि मग भाजलेल्या विटेसारखं. अक्का खाली बसली. बराच वेळ त्या दोन नळ्या तिनं दोन हातांत धरून ठेवल्या. मग आत बघून म्हणाली, "राजू, शिरा म्हशीला घाल."

त्या दिवसापासून ती माझ्यापुढं चार पावलं. सुनेला पहाटे नदीच्या वाटेनं चालवायची, स्वतः बरोबर जायची. भाकरी मोजून वाढायची. राजमती कधी रडायची, कधी चोरून लाडू खायची आणि पकडली जायची. वजन बघायला मोठ्या माणसाचा काटा कुठला? गोदामातल्या पोत्यांच्या काट्यावर दुपारी माणसं नसताना तिला बसवली. पलीकडं हळदीचं पोतं ठेवलं तर पोतं वर आणि राजमती खाली. तिचा नवरा बाबगोंडा लाजून बाहेर पळाला. राजमती मात्र हसत सुटली. "बाई, गावात सांगू नगा, न्हाईतर माजा भाव काडतील." दर पंधरवड्याला ती बसायची, आणि काटा वर चढायचा थांबला तेव्हा अक्कानं देवळात नारळ दिला.

डॉक्टरीणबाईंनी साखरेवर सुईचं औषध सुरू केलं. आणि मला एक काम लावलं. बाळाची हालचाल रोज मोजायची. राजमतीला आकडे येत नव्हते, म्हणून तिच्यापुढं दोन सुपं ठेवली. सकाळी एका सुपात दहा हळकुंडं. बाळ हललं की एक उचलून दुसऱ्या सुपात. दुपारच्या जेवणापर्यंत दहाही पलीकडं गेली पाहिजेत, नाही गेली तर तडक निरोप. ही युक्ती माझी, आणि तिचा मला अजून गर्व आहे.

आठवा महिना सरला. एका दुपारी मी दवाखान्यात अंघोळ घातलेलं एक बाळ गुंडाळत होते, तोवर दारात टांगा थांबला. अक्का राजमतीला घेऊन स्वतःच आली होती. हातात सूप. "तीनच," ती म्हणाली. सुपात तीन हळकुंडं होती. आधी निरोप धाडायचा, मग मी जायचं, मग ठरवायचं, असला वेळ तिनं घालवलाच नव्हता.

नळी लावली. ठोके होते, पण मंद, मधेच अडखळणारे. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आत्ता पोट उघडून काढायचं. वाट बघितली तर तिसरंही जाईल. पण बाई अंगानं भारी आहे, भूल देणं सोपं नाही. दोघांच्या जिवाची हमी मी देत नाही."

बाबगोंडा मागनं धावत आला होता. त्याला विचारलं तर तो आईकडं बघायला लागला. अक्का, जिच्या शब्दाला अडते दचकायचे, ती सुनेकडं बघायला लागली. राजमती टेबलावर घामानं निथळत होती. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "माज्याकडं काय बघतासा? कापा. हे हलतंय अजून."

पुढचा अर्धा तास मी कसा काढला सांगू का? हात आपोआप चालत होते. बाळ बाहेर आलं ते निळं आणि लोळागोळा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात टाकलं आणि त्या आईकडं वळल्या. घशातला चिकटा रबरी नळीनं ओढून काढला, पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या. काही नाही. पुन्हा चिकटा काढला, तोंडाला तोंड लावून हळूच फुंकर घातली. मी त्याला शिव्या देत होते, खरंच, माणातल्या शिव्या, "रड मेल्या, रड." आणि ते रडलं. मेला नव्हता, मेली होती. भोकाड असं पसरलं की बाहेर अक्कानं जमिनीवर डोकं टेकलं.

मग वार. ती परातीत घेतली. आधीच्या दोन्ही वारांपेक्षा लहान होती, पण निम्म्या भागात पांढऱ्या, कडक गाठी. डॉक्टरीणबाईंनी सुरीनं चिरून दाखवलं. "हा भाग कामातून गेलेला. उरलेल्यावर पोर तगलं. आणखी चार दिवस निघाले नसते." मी ती परात बाहेर नेली आणि अक्काला दाखवली. या वेळी सगळं दाखवलं, गाठींसकट. तिनं बोटानं एक गाठ दाबून बघितली आणि मडकं पुढं केलं.

राजमती सावरायला महिना लागला. टाके पिकले, ताप आला, पण निभावली. मग बारसं. बाबगोंडाला बहीण नव्हती, आणि बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. गल्लीतल्या बायका जमल्या, पाळणा सजला, आणि अक्का मला म्हणाली, "नर्सबाई, आत्या तुमी."

मी तिला बाजूला, पोत्यांच्या आडोशाला घेतलं. म्हटलं, "अक्का, आधी एक ऐका. पहिल्या वक्ताला वार बघून मी सांगितलं ते चूक होतं. नवीन शास्त्रबिस्त्र काही नव्हतं. गाठी मला हाताला लागल्या होत्या आणि मी गप्प बसले. तुम्ही माझं ऐकून दुप्पट खाऊ घातलंत. ते दुसरं बाळ कदाचित तसंही गेलं असतं, पण खात्रीनं मला सांगता येत न्हाई."

अक्का पोत्यावर हात ठेवून उभी राहिली. "मला वाटलं माज्या हातानं गेलं," ती म्हणाली. "ह्या घरात कुनाला बोलले न्हाई मी. सुनंच्या तोंडाकडं बगवत न्हवतं."

"हात तुमचे होते, शब्द माझा होता."

बायका पाळण्याशी खोळंबल्या होत्या. मग अक्कानं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि मला ओढत पाळण्याशी नेलं. सगळ्यांदेखत म्हणाली, "आदी त्या पोराचं नाव ठेवा. बिननावाचा गेला त्यो. मग हिच्या कानात कुर्र करा."

मेलेल्या बाळाचं बारसं कुणी करतं का? माझ्या तोंडातून नाव निघेना. मीच मारलेल्याला मी काय हाक मारू, असं झालं. तेवढ्यात राजमती बाजेवरून उठली. टाक्यांवर हात धरून सावकाश पाळण्याशी आली.

"त्याचं नाव हाय," ती म्हणाली. "आदिनाथ. पोटात हुता तवाच ठेवलंय मी. आनि थोरलीचं सुनंदा."

अक्कानं सुनेकडं बघितलं आणि माझं मनगट सोडलं. मी पाळण्यावर वाकले. बाळ जागंच होतं. मी आधी ती दोन नावं तिच्या कानात सांगितली, आणि मग तिचं.